पोट स्वीकारायचं की सपाट करायचं? अमळनेरच्या एका ताईंच्या प्रश्नाला उत्तर

नमस्कार ताई. मी जळगावात फिजिओथेरपिस्ट आहे. बाळंतपणानंतरच्या पोटाच्या, कमरेच्या आणि लघवीच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या बायका हेच माझं रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही लिहिलंय त्यातलं मुख्य असं. वय ३४, उंची ५ फूट १ इंच, वजन ६० वरून आता ५८ किलो. मोठी मुलगी आठ वर्षांची, धाकटा तीन वर्षांचा, तो सिझरचा. दोन महिने रोज रात्री मुलं झोपल्यावर शंभर सिट-अप्स मारताय. वजन दोन किलो उतरलं, पोट होतं तसंच आहे आणि वर कंबर दुखायला लागली. घरातल्या लग्नात नणंदेनं चारचौघींत विचारलं, "काय वं, आखो काही शे का?" (म्हणजे, आणखी काही आहे का, पुन्हा दिवस गेलेत का?) तेव्हापासून साडी नेसायचं म्हटलं की तुम्हाला नको होतं. मोबाईलवर एक जण २१ दिवसांत सपाट पोट करून देतो म्हणतो, दुसरी म्हणते आहे तसं शरीर स्वीकारा. आईला शुगर आहे. मिस्टरांनी घाम काढणारा पट्टा मागवलाय. आणि शेवटी तुम्ही विचारलंत, कोणाचं ऐकू?

ताई, यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. तुमच्या पोटाला काही झालंय का, आणि झालं असेल तर ते व्यायामाने सुधारण्यासारखं आहे का, हा एक. लोकांच्या बोलण्याचं काय करायचं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर शरीर तपासून मिळतं. दुसऱ्याचं उत्तर कुठल्याच व्यायामात नाही. रात्रीच्या त्या शंभर सिट-अप्स तुम्ही नणंदेला उत्तर म्हणून मारताय, असं मला तुमचं लिहिणं वाचून वाटलं. पोट उद्या दोन इंच आत गेलं तरी ते उत्तर पुरं पडणार नाही, कारण पुढच्या लग्नात कोणीतरी म्हणेल, "किती वाळलीस, काही दुखतंय का?"

मी तुम्हाला तपासलेलं नाही. त्यामुळे पुढचं बरंचसं "असं असेल तर" या भाषेत येईल. ते टाळता येत नाही.

"पोट सुटलंय" असं आपण एका दमात म्हणतो, पण त्यात चार-पाच वेगळ्या गोष्टी असतात. वरची कातडी, जी गरोदरपणात ताणली गेली. कातडीखालची चरबी, जी चिमटीत धरता येते. त्याखाली स्नायू. त्याहून आत, आतड्यांभोवतीची चरबी, जी चिमटीत येत नाही पण शुगर-बीपीशी तिचाच जवळचा संबंध असतो. शिवाय गॅस, बद्धकोष्ठ आणि उभं राहण्याची पद्धत. सकाळी उठल्यावरचं पोट आणि रात्री जेवल्यावरचं पोट यांत बोटभर फरक पडतो, तो चरबीचा नसतो. यातलं कोणतं तुमच्याकडे किती आहे, ते कळल्याशिवाय कोणताही व्यायाम सांगणं म्हणजे अंदाजाने औषध देणं.

कातडीचं आधी सांगून टाकते. ताणलेली कातडी व्यायामाने पूर्ववत होत नाही, तेला-मलमानेही होत नाही. काही प्रमाणात आपोआप आवळते, उरलेली राहते. सिझरच्या टाक्यावर जो एक पदर लोंबल्यासारखा दिसतो, त्याचं एक कारण म्हणजे टाक्याची जागा खालच्या थरांना चिकटून राहते आणि तिच्या वरचा भाग पुढे येतो. त्या जागी हळूहळू मालिश केली तर ओढ कमी होते, पदर पूर्ण जाईलच असं नाही. हे ज्यांना कोणी सांगितलेलं नसतं त्या वर्षानुवर्षं सिट-अप्स मारतात आणि आपणच कुठेतरी कमी पडतोय असं मानत राहतात.

स्नायूंवर मात्र जास्त वेळ देऊ, कारण तुमच्या बाबतीत मला तिथेच शंका आहे. पोटाच्या पुढच्या बाजूला बरगड्यांपासून खाली ओटीपोटापर्यंत दोन उभे स्नायू असतात आणि त्यांना मधोमध जोडणारी एक चिवट पट्टी असते, शिवणीसारखी. बाळ वाढतं तेव्हा ही पट्टी रुंद होते, पातळ होते आणि दोन्ही स्नायू बाजूला सरकतात. गरोदरपणाच्या शेवटी हे जवळपास सगळ्यांचंच होतं. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत बऱ्याच जणींचं बरंचसं भरून येतं, काहींचं राहतं. याला डायस्टॅसिस म्हणतात. बाई बारीक असते, हात-पाय काटकुळे असतात आणि पोट तेवढं पाच महिन्यांचं दिसतं, तेव्हा बहुतेक वेळा हेच निघतं.

घरी बघायचं तर असं बघा. सकाळी, काही खाण्याआधी, जमिनीवर सतरंजीवर उताणं झोपा. गुडघे वाकवून पावलं टेकवा. एका हाताची बोटं नाभीच्या वर आडवी ठेवा, टोकं खाली दाबून. आता फक्त डोकं आणि खांदे थोडे उचला. बोटांच्या दोन्ही बाजूंनी स्नायूंच्या कडा घट्ट होऊन जवळ येताना जाणवतील. मधल्या फटीत किती बोटं मावतात ते बघा. नाभीवर, नाभीच्या दोन बोटं वर आणि दोन बोटं खाली अशा तिन्ही जागी बघा. दोन बोटांपर्यंतची फट सहसा काळजीची नसते. त्याहून जास्त असेल, किंवा बोटं खोल मऊ भागात रुतत जात असतील, तर तपासून घ्या. रुंदीइतकंच, किंबहुना थोडं जास्तच, खालच्या पट्टीला ताण येतो की नाही याला मी महत्त्व देते. तीन बोटांची फट असूनही पट्टी घट्ट असेल तर ती बाई सगळी कामं नीट करू शकते. डोकं उचलताना पोटाच्या मधोमध उभा फुगवटा वर येताना दिसला, तर सध्या सिट-अप्स बंद.

सिट-अप्स वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पूर्वी डायस्टॅसिसमध्ये त्यांना सरसकट बंदी घालत, आता तसं नाही. पण मधली पट्टी सैल असताना दम कोंडून झटक्याने उठलं की आतला दाब पुढे आणि खाली ढकलला जातो. पुढे ढकलला की फुगवटा येतो, खाली ढकलला की खोकताना-शिंकताना लघवीचे थेंब येतात. शिवाय पोटाचे स्नायू थकले की मांडीच्या पुढचे आणि जांघेतले स्नायू ते काम करतात, ते कमरेच्या मणक्यांना पुढे ओढतात, आणि कंबर दुखते. तुमची कंबर दुखण्याचं कारण यातच असावं असा माझा अंदाज आहे. "सिझरच्या वेळी पाठीत इंजेक्शन दिलं म्हणून कंबर दुखते" असं जवळजवळ प्रत्येक घरात सांगतात. त्या इंजेक्शनच्या जागी काही दिवस दुखू शकतं, पण ते इंजेक्शन तीन वर्षं टिकणारं दुखणं देत नाही. तसंच, सिझरमध्ये पोटाचे ते उभे स्नायू कापत नाहीत, बाजूला सारतात. कापतात आणि शिवतात ते त्यांच्यावरचं आवरण. त्यामुळे "आता माझ्या पोटात ताकद येणारच नाही" हा समजही सोडा.

आणि सिट-अप्सने पोटाची चरबी का गेली नाही? कारण ज्या जागेचा व्यायाम त्याच जागेची चरबी, असं शरीर ठरवत नाही. चरबी सगळ्या अंगातून कमी होते, आणि कुठून आधी, कुठून शेवटी, हे ज्याच्या-त्याच्या आनुवंशिकतेवर आणि हार्मोन्सवर असतं. तुमचे दोन किलो चेहऱ्यावरून आणि हातांवरून गेले असतील. बायकांच्या ओटीपोटावर थोडी चरबी राहणं हे निरोगी शरीराचंच लक्षण आहे. त्या भागाला जी किंचित गोलाई असते ती वीस वर्षांच्या खेळाडू मुलीलाही असते, उभी राहिल्यावर दिसत नाही, बसल्यावर दिसते.

आता मी करायला काय सांगते. सुरुवात झोपून श्वासाने. गुडघे वाकवलेले, एक हात नाभीखाली. नाकाने श्वास घ्या, बरगड्या बाजूला फुलू द्या. तोंडाने सावकाश सोडताना लघवी रोखून धरल्यासारखं खालून वर उचला आणि नाभीखालचं पोट हलकेच आत येऊ द्या. पाच सेकंद, मग पूर्ण सैल. सैल सोडणं हेही व्यायामाचंच काम आहे. दिवसभर पोट आत ओढून वावरणाऱ्या बायकांना ते सगळ्यात अवघड जातं. असं दहा वेळा. हे जमलं की श्वास सोडता सोडता एक टाच जमिनीवरून पुढे सरकवायची आणि परत आणायची, मग दुसरी. मग कंबर उचलून धरणं. मग हात-गुडघ्यांवर ओणवं होऊन उजवा हात आणि डावा पाय लांब करणं, आणि उलट. शेवटी खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं. सगळं मिळून वीस मिनिटं, आठवड्यातून तीन-चार दिवस पुरतात. रोज नको, स्नायूंना विश्रांतीही लागते.

सहा-आठ आठवड्यांनी, फुगवटा येत नसेल तर, प्लँक, म्हणजे हातांवर भार देऊन अंग फळीसारखं सरळ धरून ठेवणं, चालू करा, पण जमिनीवर नाही. आधी भिंतीला हात टेकवून, मग स्वयंपाकाच्या ओट्याला, मग जमिनीवर. आणि रोजच्या उचलण्यात हेच वापरा. धाकट्याला कडेवर घेताना, पाण्याची कळशी उचलताना, गव्हाची गोणी सरकवताना: आधी श्वास घ्या, उचलताना सोडा, वजन अंगाजवळ धरा. वीस मिनिटांच्या व्यायामापेक्षा दिवसभरातलं हे उचलणं मला महत्त्वाचं वाटतं, कारण पोटाच्या स्नायूंचं खरं काम तिथे असतं. साधारण तीन महिन्यांत कमरेच्या दुखण्यात आणि ताकदीत फरक कळायला हवा. पोट दिसण्यात किती फरक पडेल ते फट, कातडी आणि चरबी यांच्या हिशोबावर आहे. काहींचं चांगलं आत जातं, काहींचं थोडंच. याची हमी कोणी देत असेल तर त्याच्यापासून लांब राहा.

आता शुगरचा भाग, कारण आईला आहे. इथे "स्वीकारा" म्हणणाऱ्यांचं मी अर्धंच ऐकेन. आपल्या लोकांत वजन बेताचं असूनही आत चरबी जास्त असते. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि इंग्लंडमधले सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ च्या वर गेला की जरा जास्त मानतात. तुमचा २४ च्या आसपास येतो. घाबरण्यासारखं काही नाही, तीन किलो उतरले तरी पुरे.

काट्यापेक्षा मोजपट्टी जवळ ठेवा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पट्टी न आवळता मोजा. आपल्याकडे बायकांसाठी ८० सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी ९० ही मर्यादा धरतात. त्याच्या वर असाल तर उपाशीपोटीची शुगर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) तपासून घ्या. आई शुगरची आहे म्हणून तुम्ही मर्यादेच्या आत असलात तरी एकदा कराच. मिस्टरांचंही मोजा. आपल्याकडे बाईच्या पोटावर सगळ्यांची नजर असते आणि पुरुषाच्या पोटाला "सुखी माणूस" म्हणतात, खरं तर तब्येतीचा धोका तिथेही तेवढाच असतो.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहितेय ते. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने शुगरच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांचा मोठा अभ्यास केला, त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. नियमित चालणं आणि खाण्यातले बदल, एवढ्यावर जवळपास तीन वर्षांत शुगर होण्याचा धोका २८.५ टक्के कमी झाला. विशेष म्हणजे त्या लोकांचं वजन फारसं उतरलेलं नव्हतं. पोट आहे तसं राहूनही आत काम होत होतं. मी हे माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला सांगते, कारण बहुतेक जणी व्यायाम सोडतात त्या याच कारणाने: आरशात काही दिसत नाही. दिसत नाही म्हणजे होत नाही असं नाही. जिना चढताना दम कमी लागतो, झोप लागते, पाळीच्या दिवसांत कमी त्रास होतो, मूल कडेवर घेऊन बाजारातून परत येता येतं. माझ्याकडच्या कागदावर मी या गोष्टी लिहून ठेवायला लावते. कमरेचा आकडा तीन महिन्यांतून एकदाच.

चालणं किती? आठवड्याला किमान १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाललात तरी शुगरला फायदा होतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा सकाळी सातच्या आत किंवा रात्री गच्चीवर. उन्हात चालून घाम जास्त आला म्हणजे चरबी जास्त गेली, असं होत नाही.

खाण्याबद्दल मी आहारतज्ज्ञ नाही, म्हणून थोडंच. कळण्याची भाकरी सोडून पाकिटातलं काहीतरी महागडं खायची गरज नाही. ज्वारी-उडदाचं ते मिश्रण उत्तम आहे. सोबत डाळ, मटकी, शेंगदाणे, दही, चालत असेल तर अंडं रोज पोटात जाऊ द्या. तुमच्या वजनाला रोज साधारण ४८ ग्रॅम प्रथिनं लागतात आणि घरातली बाई सगळ्यांना वाढून शेवटी उरलेल्या भाजीशी भाकरी खाते, तिथे ती कमी पडतात. वरण-बट्टी आणि शेवभाजी सणावाराला खा, पोटभर खा, फक्त तर्रीचा दुसरा चमचा आणि बट्टीवरच्या तुपाचा हात आवरा. रात्री उपाशी राहून सिट-अप्स मारू नका. त्याने स्नायू झिजतात.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येते. तपासताना मी बाईला सांगते, टाक्याच्या जागी स्वतःचा हात ठेवा. कितीतरी जणी हात ठेवतात आणि मान भिंतीकडे वळवतात. सिझरला पाच-पाच वर्षं झालेली असतात आणि आंघोळीच्या साबणापलीकडे त्या जागेला त्यांनी बोट लावलेलं नसतं. मी घाई करत नाही. पहिल्या आठवड्याचं काम एवढंच देते: रात्री खोबरेल तेलाचं बोट घेऊन टाक्याच्या वर-खाली हलकेच फिरवायचं, बघत. पुढच्या वेळी ती येते तेव्हा श्वासाचा व्यायाम तिला जमायला लागलेला असतो, कारण ज्या जागेचा राग येतो त्या जागेचे स्नायू नेमके वापरता येत नाहीत. मी स्वीकार म्हणते तो हा. पोट आवडायलाच पाहिजे असं नाही. त्याच्याकडे बघता आलं, हात लावता आला, डॉक्टरांना दाखवता आलं, तर पुढचं काम होतं.

जिथे हे होत नाही तिथे नुकसान होतं. लघवीचे थेंब येतात हे बायका आईलासुद्धा सांगत नाहीत, पाणी पिणं कमी करतात, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जाऊन झोक्यावर बसत नाहीत. हा त्रास बाळंतपणानंतर सर्रास दिसतो आणि खालच्या स्नायूंच्या व्यायामाने बऱ्याच जणींचा कमी होतो, पण आधी तोंड उघडून सांगावं लागतं. पोट दाबायला परकराची नाडी इतकी करकचून बांधतात की कमरेला काळा वळ पडलेला असतो, कधी तिथे जखम असते. वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये अशा वर्षानुवर्षं घासल्या गेलेल्या जखमेत कातडीचा कर्करोग झाल्याच्या दोन घटना नोंदवल्या. फार दुर्मीळ आहे ते, पण वळावर न भरणारी जखम असेल तर दाखवा, आणि नाडीऐवजी रुंद पट्टीचा परकर वापरा.

धरणगावकडची कापूस वेचायला जाणारी एक बाई माझ्याकडे खांद्यासाठी येत होती. कमरेला फडकं बांधून दिवसभर वाकून वेचायचं, ते भरलं की गाठोडं डोक्यावर घेऊन शेताच्या कडेला आणायचं. तिचं पोट मऊ, खाली ओघळलेलं, तीन बाळंतपणांचं. तिला मी ओणवं होऊन हात-पाय लांब करायला लावलं तर ती हलली नाही, श्वास चालू, कंबर सरळ. त्याच आठवड्यात जिमला जाणारी, अगदी सपाट पोटाची एक मुलगी त्याच आसनात दहा सेकंदांत डगमगली. दोघींचं वय, काम, बाळंतपणं सगळं वेगळं, त्यामुळे तुलना म्हणून सांगत नाही. पण कोणाचं पोट काम करतंय हे बाहेरून बघून सांगता येत नाही, एवढं मला रोज दिसतं.

नणंदेचं काय करायचं हे तुमच्या घरातल्या नात्यावर आहे. बोलता येत असेल तर एकदाच, शांतपणे, "ताई, हे बाळंतपणानंतरचं पोट आहे, मी त्यावर उपचार घेतेय, चारचौघींत त्यावर बोललेलं मला आवडत नाही." बोलणं शक्य नसेल तर हे मिस्टरांनी त्यांच्या बहिणीला सांगावं, ते त्यांचंच काम आहे. पट्टा मागवण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. आणि आठ वर्षांची मुलगी बघत असते हे ध्यानात असू द्या. आरशासमोर पोटाला नावं ठेवणं तिच्यापुढे नको, व्यायाम मात्र तिच्यापुढेच करा, तिलाही शेजारी बसू द्या.

म्हणजे तुमच्यापुरता क्रम असा: सिट-अप्स थांबवा, फट तपासा, कंबर मोजा, शुगर तपासा, मग श्वासापासून व्यायाम आणि चालणं सुरू करा. फट नसेल, कंबर ८० च्या आत असेल आणि शुगर नीट असेल, तर उरलेल्या पोटावर काही उपचार करायची गरज नाही. तेव्हा मी तुम्हाला सरळ सांगेन की साडी काढा कपाटातून आणि नेसा.

पट्ट्याबद्दल: घाम काढणाऱ्या पट्ट्याने पाणी जातं, तांब्याभर पाणी प्यायलं की परत येतं. उन्हाळ्यात त्याने घामोळं आणि चक्कर मात्र येते. परत करता येत असेल तर करा. बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यांत आधाराला पट्टा किंवा जुन्या लुगड्याने पोट बांधणं वेगळं, त्याने चालता-उठताना बरं वाटतं. तीन वर्षांनी त्याचा उपयोग नाही.

काही गोष्टींसाठी मात्र माझ्याकडे न येता आधी डॉक्टरांकडे जा. नाभीपाशी किंवा टाक्यावर गोळा वर येत असेल, खोकल्यावर वाढत असेल, तर हर्निया असू शकतो, सर्जनला दाखवा. तो गोळा अचानक दुखायला लागला, कडक झाला, सोबत उलट्या झाल्या तर त्याच दिवशी. पोट महिन्याभरात वाढत चाललंय, थोडं खाल्लं तरी भरल्यासारखं वाटतं, किंवा वजन उतरतंय आणि पोट वाढतंय, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडून सोनोग्राफी करून घ्या. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस येत असतील, खूप थकवा असेल तर थायरॉईड आणि पीसीओडी (अंडाशयाशी संबंधित हार्मोन्सचा त्रास) यांसाठी तपासणी सांगतील. कंबरदुखी पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील तर व्यायाम थांबवून आधी हाडांच्या डॉक्टरांना विचारा. अमळनेरला सोय नसली तर धुळे-जळगावच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत हे सगळे विभाग आहेत, सकाळी ओपीडीच्या वेळेत जा. जाताना सिझरच्या वेळचा डिस्चार्जचा कागद शोधून सोबत घ्या. टाका कसा घेतला, तेव्हा काही अडचण आली होती का, हे त्यावर लिहिलेलं असतं आणि तपासणाऱ्याचा बराच वेळ वाचतो.